टेबलावरचे दोन ठोके

वर्षा राठोडला ना साहेबांची भीती होती, ना परीक्षेची. तिला भीती होती मागून येणाऱ्या हाकेची. पुसदजवळच्या एका खासगी शाळेत ती सातवीला विज्ञान शिकवायची, तेही कंत्राटावर, आणि दोन वर्षांपासून तिचे कान तिला दगा देत होते. हे तिने कोणाला म्हणजे कोणाला सांगितलं नव्हतं.

बंजारा तांड्यावर तिची याडी, म्हणजे आई मानीबाई, चाळिशीतच ठार बहिरी झाली. हाका मारून दमले की लोक तिच्या पाठीवर खडा मारत आणि ती दचकून वळली की हसत. आईच्या पाठीवरचा तो खडा वर्षाच्या मनातून कधी गेला नाही. आज ना उद्या आपल्याही पाठीत खडूचा तुकडा बसणार, या धास्तीने ती फळ्याशी तिरकी उभी राहून लिहायची.

आणि नशिबाची थट्टा बघा, बाईंचा सगळ्यात गाजलेला धडा ध्वनीचा! वाटीवर फुगा ताणायचा, त्यावर चिमूटभर मीठ टाकायचं आणि शेजारी स्पीकर ठेवायचा. मोबाइलमधल्या ॲपने आवाज काढला की मीठ नाचायला लागे. मग आवाज बारीक बारीक करत न्यायचा आणि ऐकू येतोय तोवर मुलांनी हात वर ठेवायचा. वर्षाही हात वर करी आणि मुलांचे हात पाहून आपला खाली घेई. लबाडी अगदी बेमालूम होती. या वर्गाला एकच खोड होती, काही विचारायचं असलं की मुली आधी बाईंचं टेबल ठोकायच्या. "टेबल काय ढोलकं हाय काय गं?" म्हणून तिने त्यांना कितीदा झापलं होतं.

त्या दिवशी मुख्याध्यापक फुलचंद सर वर्गात येऊन बसले. कंत्राट वाढवायचं की नाही, हे त्यांच्याच हातात. थोडा वेळ पाहून ते म्हणाले, "पोट्टे एकमेकाचं पाहून हात वर ठेवून राह्यले. डोये मिटा सगळे! मॅडम, तुमीपण. मोबाइल मी चालवतो."

तिने डोळे मिटले, उजवा हात वर केला, डावा टेबलावर टेकला. सुरुवातीची शिट्टी ऐकू आली, मग विरली, मग नुसता काळोख. आवाज चालू आहे की बंद, कोणास ठाऊक! आताच हात खाली घेतला तर पोल खुलणार. वर ठेवला आणि सरांनी कधीच बंद केलेलं असलं, तरी खुलणार.

तेवढ्यात डाव्या तळव्याखाली टेबल दोनदा हलकेच थरथरलं. तिने झटकन हात खाली घेतला.

"वा मॅडम! कान तर पोराईच्या बरोबरीचे हायेत तुमचे," सर खूश होऊन म्हणाले.

तिने डोळे उघडले. टेबलाला लागून असलेल्या पहिल्या बाकावरची मोनाली मिठाकडे पाहत बसली होती, मूठ अजून टेबलावरच. वर्षाला एकदम उमगलं. ती खोड नव्हतीच. बोलण्याआधी बाईंचं तोंड आपल्याकडे वळावं म्हणून पोरी ठोकत होत्या. त्यांना सगळं कधीचं माहीत होतं, आणि कोणी खडा मारला नव्हता.

खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण भीती आणखीच दाटली. आता गप्प बसणं म्हणजे या पोरीला आपल्या लबाडीत ओढणं. "सर," ती म्हणाली, आणि आपला आवाज किती मोठा निघतोय हेही तिला कळेना, "मले आवाज आलाच नाही. मोनालीनं टेबल ठोकलं म्हून हात खाली घेतला. मले कमी ऐकू येते."

सर उठले. खिडकीकडे तोंड करून काहीतरी बोलले. पाठमोऱ्या माणसाचं तिला काय ऐकू येणार? नोकरी गेली असं धरून ती घट्ट उभी राहिली.

टेबल दोनदा थरथरलं. मोनाली सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगत होती, "मॅडम, सर पुसून राह्यले, कानाच्या डॉक्टरले कधी दाखवता?"