गरीब व होतकरू

प्राध्यापकांना पत्र कसं लिहावं हे मला पहिल्यांदा भोकरदनच्या एका झेरॉक्सवाल्यानं शिकवलं. त्याच्या कॉम्प्युटरमध्ये अर्ज तयारच होता, फक्त नाव बदलायचं. 'मी गरीब व होतकरू विद्यार्थिनी असून...'

"हे काढा," मी म्हणाले.

"ताई, ते काढून कसं जमंल? तहसीलला, कॉलेजला, सगळीकडं हेच चालून राह्यलं. गरीब न्हाई लिहिलं तर साहेब लोक पुढं वाचतच न्हाईत."

आमची मोसंबीची बाग आहे, बरी चालते. जे आम्ही नाही ते कशाला लिहू? आणि 'होतकरू' या शब्दाचा तर मला शाळेपासून राग. म्हणजे अजून झालेली काहीच नाही, होईल बिचारी, जरा हात द्या! मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं आणि अख्खा पावसाळा चिखलात उभी राहून गळलेल्या मोसंब्यांची मोजणी केली होती. अर्ज तिथंच ठेवून मी घरी आले.

प्रश्न एका जागेचा होता. दुसऱ्या शहरातल्या विद्यापीठात एक प्राध्यापक मोसंबीच्या फळगळीवर काम करत होते. त्यांच्याकडे संशोधन सहायकाची एकच जागा निघाली होती. ती मला इतकी हवी होती की जेवताना घास हातातच राहायचा.

त्यांचा लेख मी तीनदा वाचला. त्यात आमच्याच भागातल्या बागा होत्या, पण गळ फारच कमी दाखवली होती. तिसऱ्या वाचनात कारण सापडलं आणि मला हसूच आलं. त्यांची माणसं आठवड्यातून एकदा येऊन झाडाखाली पडलेली फळं मोजत होती. आता पडलेलं फळ आठवडाभर झाडाखाली ठेवतं कोण? आई रोज सकाळी टोपलं घेऊन ती वेचते आणि खड्ड्यात पुरते, कीड पसरू नये म्हणून. आसपासच्या बागांत सगळ्या बाया हेच करतात. मी त्या टोपल्यातली फळं मोजून वहीत लिहिली होती.

जालन्याच्या कॉलेजातल्या माझ्या सरांना मेलचा मसुदा दाखवला. त्यांनी कपाळाला हात लावला.

"अगं, जागा मागायला चाललीस की भांडायला? आधी लेखाची स्तुती कर. गुपचूप आत शीर. चुका मंग काढ की बिलकुल निवांत."

सर वाईट नव्हते. ते स्वतः असेच आत शिरले होते, आणि अजून त्यांनी कुणाचीच चूक काढली नव्हती.

मी मेल मराठीतच लिहिला. मी कोण, काय शिकले, तुमचा कुठला लेख वाचला, त्यात वेचलेली फळं कशी राहून गेली, वहीची पानं सोबत जोडली आहेत, मला तुमच्याकडे काम करायचं आहे. आठ-नऊ ओळी. 'कृपा', 'उपकार', 'आज्ञाधारक' यातलं एकही नाही. पाठवल्यावर मात्र दर तासाला उत्तर आलं का बघत होते, खोटं कशाला बोलू.

दहा दिवस उत्तर नाही. मी तोंड पाडून बसले तेव्हा आई म्हणाली, "आजून एकदा लिही. लिहायला काय वझं पडून राह्यलं का तुला?"

लिहिलं. दोनच ओळी, मुद्दा तोच. मग उत्तर आलं: सोमवारी वही घेऊन या.

खोलीत तिघं बसले होते. प्राध्यापकांनी वही चाळली, अक्षर वाईट आहे म्हणाले. मग शेजारच्या दोघांकडे बघून म्हणाले, "यांच्या मते आपली मोजणी चुकली आहे." दोघं हसले.

"तुम्हाला अजूनही तसंच वाटतं?" त्यांनी मला विचारलं. "की लिहिण्याच्या भरात लिहून गेलात?"

माघार घ्यायला त्यांनी जागा करून दिली होती. 'तसं नाही सर' म्हटलं की संपलं असतं. ही नोकरी हातची जाणार, हे मला दिसत होतं, आणि तरी माझ्या तोंडून ते तीन शब्द निघेनात.

"चुकलीच आहे सर," मी म्हणाले. "तुम्ही झाडाखालची मोजलीत. टोपल्यातली कुणी मोजायची?"

या वेळी कुणी हसलं नाही. प्राध्यापकांनी आपला छापील लेख माझ्यापुढं सरकवला.

"कुठं चुकलंय, खूण करा," ते म्हणाले आणि खिशातलं पेन पुढं केलं.

मी माझं काढलं.