नंदाकाकू आणि हिरव्या पट्ट्या

बिघडलेल्या वस्तूला नंदा आधी हात लावत नसे. दोन्ही हात पाठीमागे बांधून समोर उभी राहायची आणि विचारायची, "शेवटचं नीट कधी चाललं? त्यानंतर काय काय झालं?" मग तो मिक्सर असो, इस्त्री असो, नाहीतर आमच्या सासूबाई. सासूबाईंचा खोकलासुद्धा तिने असाच विचारत विचारत नव्या उदबत्तीपर्यंत नेऊन पोचवला होता. तोवर मी तऱ्हेतऱ्हेचे काढे पाजून मोकळी झाले होते.

नंदा माझी धाकटी जाऊ. आम्ही अंबरनाथला, ती बदलापूरला, सोनिवलीच्या बाजूच्या नव्या बिल्डिंगमध्ये. आनंदनगरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिक पॅनेल तपासायचं काम करायची. तिची पुरणपोळी हमखास फुटायची आणि उखाणा अर्ध्यात अडायचा, त्यामुळे बरीच वर्षं मला तिचा काही त्रास नव्हता. त्रास सुरू झाला तो माझ्या मुलीच्या, मनूच्या, कॉम्प्युटरपासून.

मनू घरूनच बिल्डरांसाठी फ्लॅटची चित्रं बनवते. अजून न बांधलेला हॉल, त्यात सोफा, खिडकीतून येणारं ऊन, सगळं कॉम्प्युटरवर. एका सकाळी त्या उन्हावर हिरव्या पट्ट्या उमटल्या. आमच्या ह्यांनी कॉम्प्युटरला दोन चापट्या मारून बघितल्या. मी म्हटलं, "उल्हासनगरला जाऊ, कॅम्प दोनमधून नवीनच आणू." मनूने आम्हा दोघांकडे बघितलं आणि फोन उचलला.

"काकू, येतेस का गं?"

माझ्याच घरात, माझ्यासमोर!

नंदा आली. हात पाठीमागे, प्रश्न. मग म्हणाली, "ग्राफिक्स कार्ड गेलेलं असू शकतं. पण लगेच आळ नको घ्यायला." आधी तिने फक्त स्क्रीनची केबल बदलली. पट्ट्या तशाच. मग कार्ड बाहेर काढलं, त्याची सोनेरी कड खोडरबराने पुसली, परत बसवलं. पट्ट्या तशाच.

मी म्हटलं, "अगं, सगळंच एकदम बदलून टाक ना!"

"एका वेळी एकच हलवायचं, वहिनी. दोन हलवली की चोर सुटतो, आणि आपण चाललं म्हणून खूश."

रविवारी ती परत आली ती पोळ्यांचा डबा घेऊन. मला वाटलं, आली फुटकी पुरणपोळी. झाकण काढलं तर आत प्लास्टिकच्या पिशवीत तिच्या स्वतःच्या कॉम्प्युटरचं कार्ड! ते मनूच्या मशीनमध्ये बसवलं आणि हॉलमध्ये ऊन स्वच्छ पडलं. म्हणजे मनूचं कार्ड खरंच गेलं होतं. नंदा आपलं तिथेच ठेवून निघाली. "राहू दे. तिचं काम अडलंय. आमच्याकडे हे त्याच्यावर पत्तेच खेळतात."

पण माझं दुखणं कार्डाचं नव्हतंच. त्या दोघी जमिनीवर बसून, मनूच्या हातात स्क्रूंची वाटी, हळू आवाजात बोलत राहायच्या. मी चहा घेऊन गेले की गप्प. लाडू नेले, गप्प. कोणी मागितलेलं नसताना पाणीसुद्धा नेलं. गेले कितीतरी आठवडे मनू नीट जेवत नव्हती, हसत नव्हती, आणि मी विचारून विचारून थकले होते. त्या रविवारी ती खोलीतून बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते, पण चेहरा हलका.

"काय बोलत होतात गं?"

"काही नाही. कार्डाचं."

"कार्डाचं रडू येतं?"

"आई, प्लीज."

आता डबा रिकामा परत कसा द्यायचा? ग्राफिक्स कार्डाच्या बदल्यात डब्यात काय भरतात, हे माहेरी कोणी शिकवलं नव्हतं. मी ओल्या नारळाच्या करंज्या केल्या, अगदी ईर्ष्येने. कडा अशा मुरडल्या की बघत राहावं. नंदाचा फोन आला, "वहिनी, मला जन्मात जमणार नाही असलं काही!" मी आणखीच चिडले. ह्या बाईला माझा हेवासुद्धा वाटत नव्हता.

पुढे दिरांची नाशिकला बदली झाली. निरोपाला आम्ही सोनिवलीला गेलो. पुरुष मंडळी गच्चीत होती. मी नंदाला बांधलेल्या खोक्यांच्या मध्ये गाठलं.

"नंदा, मनूने तेव्हा तुला काय सांगितलं होतं?"

चिकटपट्टी लावणारा तिचा हात थांबला. "वहिनी, ते तिचं आहे. आता ती बरी आहे, एवढं सांगते."

"अगं, मी आई आहे तिची!"

"म्हणून तर तिच्याकडून ऐका. माझ्याकडून कशाला?"

बोलण्यात तोरा नव्हता, कीवही नव्हती. तिने चिकटपट्टी दाताने तोडली आणि पुढचं खोकं ओढलं. इतके दिवस, एवढं मोठं काहीतरी, पोटात! दिरांनाही सांगितलं नसणार.

परतीच्या रिक्षात मी ह्यांना म्हटलं, "मनूचं काहीतरी होतं. नंदाला सगळं माहितीय आणि सांगत नाही. बघा कशी आहे!"

हे बाहेर बघत म्हणाले, "असू दे. तू मात्र आता हे ताईला सांगत बसू नकोस."

ताई म्हणजे माझ्या नणंदबाई. ह्यांचं बोलणं संपेपर्यंत मी त्यांचा नंबर लावलाही होता आणि पलीकडून वन्सं "हॅलो, बोल गं" म्हणत होत्या. नंदाचा हेवा मी इतकी वर्षं करत आले, पण त्या क्षणाइतका कधीच नाही.

"काही नाही, वन्सं," मी म्हटलं. "चुकून लागला."