मेला पाय

माझी जीभ तिखट, हे मी दवाखान्यात नर्स म्हणून लागले तेव्हापासून ऐकत आले. असेना का! त्या दिवशी ती गप्प बसली असती, तर सिंधीपुऱ्यातली एक बाई जन्माची महारोग्यांच्या वस्तीत गेली असती.

तिच्या सासरचं मिठाईचं दुकान होतं. दिवसभर भट्टीपाशी उभं राहून तिच्या घोट्याच्या वर जखम झाली होती, ती काही केल्या भरेना. धाकटा दीर तिला घेऊन आला. आमच्या इंग्रज डॉक्टर मेमसाहेबांनी विचारलं, "काय होतं?"

"काय सांगू बाई, हा मेला पाय!" ती करवादली.

मेमसाहेब मराठी शिकल्या होत्या पुस्तकातून. पाय मेला, म्हणजे बधिर झाला, असं त्यांनी धरलं; बधिर पाय आणि न भरणारी जखम, दोन्ही महारोगाच्याच खुणा. "महारोग," त्या हळूच म्हणाल्या.

दीर झटकन मागे, दारापर्यंत सरला. "मग हिला तिकडेच पाठवा. घरी नेली तर दुकानाची पायरी कोण चढेल?"

बाईचं तोंड पांढरंफटक पडलं. माझं डोकंच फिरलं.

"अहो, मेला म्हणजे शिवी दिली तिने पायाला!"

"तू गप्प राहा," मेमसाहेब म्हणाल्या.

नोकरी गेली तर गेली! मी फरशीवर बसकण मारली आणि तिचा पाय मांडीवर घेतला. महारोगाची जखम बहुधा तळपायाला होते आणि दुखत नाही. हिची घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, उथळ आणि ओली. भोवतीची कातडी काळपट, पोटरीवर फुगलेल्या निळ्या शिरा. पायात रक्त साचून होते ती ही जखम. पण माझं ऐकतं कोण? मी तिच्या डोळ्यांवर पदर ओढला आणि तळपायावरून कापसाची वात फिरवली.

"अय माय! मेली गुदगुल्या करते!" ती किंचाळली.

"घ्या," मी म्हटलं, "आता मीसुद्धा मेले."

मेमसाहेबांचे कान लाल झाले. मग त्या खो खो हसल्या. वात घेऊन त्यांनी स्वतः दोन्ही पाय तपासले आणि म्हणाल्या, "पट्टी बांध." मी बोटांपासून गुडघ्यापर्यंत घट्ट पट्टी बांधली. बसशील तेव्हा पाय उशीवर ठेव, भट्टीपाशी उभी राहू नकोस, असं दोनदा बजावलं.

दीर अजून दार अडवून उभा होता. "महारोग नाही, ठीक आहे. पण लोक काय म्हणतील?"

बाईने पदर खोचला.

"सरक मेल्या," ती म्हणाली. "आजपासून भट्टीला तू."