वैशालीची पट्टी

मुरबाडच्या छापखान्यातून मोर्च्याची पत्रकं आणली, गठ्ठा सोडला आणि ताज्या शाईच्या वासासरशी कॉलेजची कॉम्प्युटर लॅब आठवली.

पाड्यांच्या पाण्याच्या तक्रारी नोंदवणारा प्रोग्रॅम मी आणि किन्हवलीच्या वैशालीने मिळून लिहिला होता. प्रदर्शनात तो मीच मांडणार, हे माझं मीच ठरवून टाकलं होतं. आदल्या दिवशी तो चालता चालता बंद पडला. पडद्यावर उरला फक्त मेमरीतला एक पत्ता, म्हणजे एक लांबलचक आकडा.

"मशीनच भंगार हाय! सरांकडे तक्रार करू," मी तावातावाने म्हटलं.

"भाषण नको गो, आकडा बघ," वैशाली म्हणाली. प्रोग्रॅमचा कुठला तुकडा, म्हणजे फंक्शन, मेमरीत कुठून सुरू होतं, त्याची यादी, म्हणजे मॅप, तिने छापून घेतली. ओल्या शाईवरून पट्टी सरकवत ती त्या पत्त्याच्या अलीकडच्या ओळीवर थांबली. "हे फंक्शन तुझं हाय. पाड्याच्या नावाला अक्षरं किती धरलीस?"

वीस. एका पाड्याचं लांब नाव त्यात मावलंच नव्हतं, म्हणून प्रोग्रॅम बंद पडला होता. सरकारी यादीतून पाडे गाळतात म्हणून घसा फोडणारी मी!

चूक कोणी शोधली ते कळल्यावर सर म्हणाले, "उद्या वैशाली बोलेल." दुसऱ्या दिवशी ती बोलली, तेव्हा मी टाळ्याही वाजवल्या नाहीत.

तेव्हा वाटलं, तिने माझा मान लाटला. आज चूक कबूल आहे, पण हेवा गेलेला नाही. पत्रकावरची पाड्यांची नावं मी पट्टी लावूनच तपासते. हे तिला मात्र कधी कळू देणार नाही.