रजेच्या अर्जातलं कारण

माझ्या धडधाकट आईला मी आजारी पाडलं, ते सोळा दिवसांच्या रजेसाठी.

वाळूजच्या एका कारखान्यात मी मशीनवर काम करतो. लोखंडी दांडे घासून मापात आणायचे, तपासायचे, ट्रेमध्ये रचायचे. कामाबद्दल तक्रार नाही. पण सात-आठ वर्षं एकच खूळ डोक्यात होतं: मोटरसायकल काढायची आणि एकट्यानं उत्तरेला जायचं, मनालीच्याही पलीकडं, जिथं फोन लागत नाही आणि ओळखीचं कोणी भेटत नाही. माझा संसार दोन वर्षांतच मोडला होता. वडील त्याआधीच गेलेले. छावणीतल्या घरात मी आणि आई, दोघंच. सुट्टीच्या दिवशी दौलताबादच्या रस्त्यानं म्हैसमाळपर्यंत जायचो आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत यायचो. प्रत्येक वेळी परतताना गाडी जड वाटायची.

सप्टेंबरात रजा मागितली. साहेब म्हणाले, "ऑर्डर डोक्यावर आहे. दिवाळीनंतर बघू."

दिवाळीनंतर तिकडचे घाट बर्फानं बंद होतात. हे त्यांना सांगून उपयोग नव्हता. आठवडाभर मी कारण शोधत राहिलो. हर्निया, मोतीबिंदू, सगळं मनात तपासून पाहिलं. शेवटी साहेबांसमोर उभा राहून म्हणालो, "आईचं ऑपरेशन आहे. गर्भपिशवीचं."

साहेबांनी नजर खाली घातली आणि अर्जावर सही केली. पिशवीचं ऑपरेशन म्हटलं की पुरुष माणूस पुढं काही विचारत नाही, हे मला माहीत होतं. म्हणूनच मी ते निवडलं होतं.

माझ्या शेजारच्या मशीनवर एक चाचा आहेत. वय पन्नाशीपुढं, राहायला जुन्या शहरात. काम मी त्यांच्याकडूनच शिकलो. त्यांनी ते ऐकलं आणि चहाच्या सुट्टीत माझ्याजवळ आले. "बेटा, बाईंचं ऑपरेशन आहे म्हणं? काही फिकर करू नको. तुझी पाळी मी बघतो." आई शिक्षिका होती, पैठण तालुक्यातल्या शाळेत बरीच वर्षं एसटीनं जाऊन-येऊन शिकवलं तिनं. म्हणून चाचाही तिला बाईच म्हणायचे.

मला माहीत होतं की त्यांच्या मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. जालन्याहून तिला माहेरी आणायला त्यांनी त्याच आठवड्यात रजा टाकली होती. मी म्हणालो, "चाचा, तुमची रजा?"

"पोरीला अजून महिना आहे. तू आलास की आणतो. ऑपरेशन थोडंच थांबतंय?"

तेव्हा खरं सांगता आलं असतं. मी त्यांचा हात हातात घेतला आणि "उपकार झाले" म्हणालो. घरी आईला सांगितलं, रजा मंजूर झाली. कोणत्या कारणानं, ते तिनं विचारलं नाही आणि मीही बोललो नाही.

शनिवारी पहाटे निघालो. इंदूर, कोटा, पुढं राजस्थान मागं टाकून चंदीगड. पाचव्या दिवशी मनाली. मनालीपुढचा लांब बोगदा ओलांडला आणि हिरवं संपलं. जिस्पाला एक दिवस विरळ हवेची सवय व्हायला थांबलो. तिथून आईला फोन केला. "आता पाच-सहा दिवस फोन लागणार नाही. काळजी करू नको."

"जेवत जा वेळंवर," ती म्हणाली. "आणि लई जोरात नको चालवू."

आठव्या दिवशी शिंकू ला ही खिंड चढलो. वर श्वास पुरत नव्हता. वाऱ्यानं गाडी बाजूला ढकलली जात होती. पलीकडं उतरलो तेव्हा पुढं नुसती दरी पसरलेली. झाड नाही, घर नाही, विजेचा खांब नाही. तपकिरी डोंगर, मधून पांढुरकी नदी आणि माझ्या गाडीचा आवाज. गाडी बंद केली तर कानात आपलंच रक्त वाहताना ऐकू यायचं. मी हेल्मेट काढून मोठ्यानं ओरडलो. खरंच आनंद झाला होता. तो खोटा होता असं मी आज म्हणणार नाही.

तिकडचे ओढे सकाळी ओलांडायचे असतात. दुपारी वरचा बर्फ वितळतो आणि पाणी वाढतं. हे मला जिस्पाला सांगितलेलं होतं, पण फोटो काढत बसलो आणि ओढ्यावर पोचेपर्यंत दुपार झाली. पाणी गुडघ्याच्या वर होतं. मध्यावर पुढचं चाक गोट्यावरून निसटलं आणि गाडी आडवी झाली. इंजिनानं पाणी ओढलं आणि गचके देऊन बंद पडलं. माझा पाय सायलेन्सरखाली अडकला. त्या थंडीनं पाय आहे की नाही तेच कळेना. कसाबसा पाय सोडवला, गाडी उभी केली, पण काठावर ओढून काढायला ताकद नव्हती. छातीत भाता चालल्यासारखा श्वास चालला होता.

पाण्यात गाडी धरून मी किती वेळ उभा होतो, सांगता येणार नाही. आजूबाजूला कोणी नाही. आणि तेव्हा जे मनात आलं ते आठवलं की आजही लाज वाटते. वाटलं, मी इथं मेलो तर कारखान्यात काय सांगतील? आई ऑपरेशनच्या टेबलावर आणि हा हिमालयात काय करत होता? मरणापेक्षा मला पकडलं जाण्याची भीती जास्त वाटत होती.

वरच्या उतारावरून दोन बायका गुरं घेऊन उतरल्या. एक म्हातारी, एक तिची सून. काहीही न बोलता दोघी पाण्यात शिरल्या, एकीनं मागून आणि एकीनं बाजूनं जोर लावला, आणि गाडी काठावर आली. मग तशीच ढकलत आम्ही ती त्यांच्या गावापर्यंत नेली. कारग्याक नावाचं छोटं गाव, मातीची सपाट छपरं, छपरांवर वाळत टाकलेलं गवत. म्हातारीनं मला चुलीजवळ बसवलं, माझे मोजे स्वतः पिळले आणि चुलीवरच्या दोरीला टांगले. गोवऱ्यांचा धूर, मिठाचा लोण्याचा चहा.

ती माझ्या आईच्याच वयाची असेल. तोडक्या हिंदीत तिनं विचारलं, "घर में कौन है?"

"माँ है."

"ठीक है?"

निघण्याआधी कारखान्यात प्रत्येकाला "ऑपरेशन आहे, देवाच्या कृपेनं होईल ठीक" असं इतक्यांदा सांगितलं होतं, की तेच ओठांवर आलं. ते गिळून म्हणालो, "ठीक है. एकदम ठीक है." आणि तोंड चुलीकडं फिरवलं. म्हातारीला वाटलं, मला घरची आठवण आली. तिनं वाटीत आणखी चहा ओतला.

दुसरा दिवस रविवार. तिच्या अंगणात बसून मी गाडीचा प्लग काढला, हवेच्या जाळीतलं पाणी झटकलं, सोबत आणलेलं ऑइल घातलं. दुपारपर्यंत गाडी सुरू झाली. निघताना तिला द्यायला माझ्याकडं काही नव्हतं. होती ती गूळशेंगदाण्याची चिक्की ओढ्यात भिजली होती. नुसते हात जोडले.

सोमवारी पदुमला पोचलो. तिथं फोन जिवंत झाला. चाचांचे पंधरा-वीस मिस्ड कॉल आणि मेसेज. "बेटा, बाई कैसी है?" "फोन का लागत नाही?" "कोणता दवाखाना?" मी आधी आईला फोन लावला.

मी कुठं आहे तेही आईनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "माझं कसलं ऑपरेशन रे?"

काय झालं होतं ते तिनं शाळेतल्यासारखं क्रमानं सांगितलं. माझा फोन लागेना म्हणून चाचा घाबरले होते. रविवारी दवाखान्याचा पत्ता शेजाऱ्यांना विचारावा म्हणून ते छावणीत आले. आई दारातच मेथी निवडत बसलेली. तिला पाहून ते थबकले. "बाई? तुम्ही घरी? ऑपरेशन झालं?"

"मला काय कळंना," आई म्हणाली. "मग त्या माणसाच्या तोंडाकडं पाहिलं आणि समदं कळलं. तुझी नोकरी दिसली डोळ्यापुढं. मी पोटाला हात लावला. म्हणलं, डॉक्टरनं पुढं ढकललं. तू कुठाय म्हणले, तर म्हणलं, औषधं आणायला पुण्याला गेलाय."

"आई..."

"थांब. त्यांनी मला उठू नाय दिलं. म्हणले, पोटात दुखत असंल, तुम्ही बसा. मेथी त्यांनी निवडली. माझ्या स्वयंपाकघरात जाऊन स्वतः चहा केला आणि मला दिला. मी तो पिला. कळतंय का तुला? मी बसून पिला."

आमची आई रोज सकाळी वंदना घेते, पंचशील म्हणते. खोटं न बोलण्याचं चौथं शील तिनं आयुष्यभर नुसतं म्हटलं नाही, पाळलं. शाळेतल्या पोरांना तिनं हेच शिकवलं. फोनवर शेवटी ती म्हणाली, "आज सकाळी चौथ्यावर जीभ अडली माझी. पुढं गेलेच नाय. मिटून ठेवलं पुस्तक."

तिथून मी मागं फिरलो. पुढं बघायचं बरंच राहिलं होतं, पण नजर कशावर ठरत नव्हती. त्याच दरीतून, त्याच खिंडीतून आलो. या खेपेला ओढा सकाळीच ओलांडला. कारग्याकला म्हातारीच्या दारावरून गेलो आणि थांबलो नाही. तिनं पुन्हा आईबद्दल विचारलं असतं. पुढचे पाच-सहा दिवस हेल्मेटच्या आत मी चाचांना काय सांगायचं याचीच वाक्यं जुळवत होतो. एकही वाक्य धड झालं नाही.

घरी पोचलो तेव्हा आई रागावली नाही. पाणी दिलं, जेवायला वाढलं. मी हात धुतल्यावर म्हणाली, "त्यांना सांगून ये. आजच."

चाचा घरी होते. दारातच त्यांनी मला मिठी मारली. "आलास? बाईंची तारीख मिळाली का?" आणि माझं उत्तर ऐकायच्या आधीच म्हणाले, "मी नाना झालो, बेटा. नात झाली."

मुलीला जालन्यालाच अचानक कळा सुरू झाल्या होत्या, दोन-तीन आठवडे बाकी असताना. सोमवारी. चाचा तेव्हा दोन पाळ्या सलग करत होते आणि फोन कारखान्याच्या कपाटात बंद होता. त्यांना संध्याकाळी कळलं. बाळ-बाळंतीण सुखरूप होत्या. "बाळाच्या कानात पहिली अजान तिच्या तिकडच्या आजोबांनी दिली," ते हसत म्हणाले. "मी द्यायची म्हणत होतो. पहिली नात ना. पण असू दे. पोरगी गोरीपान आहे."

रविवारी त्यांना सुट्टी होती. त्या रविवारी ते मुलीला आणायला जालन्याला जाऊ शकले असते. ते आमच्या घरी आले होते आणि मेथी निवडत बसले होते.

मी सांगितलं. जुळवलेलं एकही वाक्य आलं नाही. "चाचा, आईचं काही ऑपरेशन नव्हतं. मी फिरायला गेलो होतो. मोटरसायकलवर." एवढंच.

ते खाटेच्या कडेवर बसले. म्हणाले, "बाई ठीक आहेत?"

"हो."

"मग शुकर आहे." आणि माझ्याकडं न पाहता, "फिरायला जातो म्हणाला असतास ना, तरी मी पाळी दिली असती. पण पोरीला आधी आणून मग दिली असती."

आतून चहा आला. त्यांनी माझा कप माझ्यापुढं सरकवला, स्वतःचा तसाच थंड होऊ दिला.

कारखान्यात त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही. साहेबांना मी आजवर खरं सांगितलेलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नाही, हे इथं लिहून ठेवतो. ते अधूनमधून विचारतात, "आई बरी आहे ना आता?" आणि मी मान हलवतो. चाचा माझ्याशी कामाचं बोलतात, सलाम करतात. पण जेवणाच्या सुट्टीत ते आता दुसऱ्या टेबलावर बसतात.

दीड महिन्यानं चाचांची मुलगी बाळाला घेऊन माहेरी आली. आईनं जुन्या मऊ सुती साड्यांची बाळासाठी एक छोटी गोधडी शिवली होती. "मला ने त्यांच्या घरी," ती म्हणाली. "तू आत येऊ नको. मला माझं बोलायचंय."

मी तिला गाडीवर मागं बसवून नेलं. ती आत गेली आणि मी गल्लीत गाडीला टेकून उभा राहिलो. आतून आधी काहीच ऐकू येत नव्हतं. मग आईचा आवाज, हळू आणि सलग. मग चाचांचा, "नहीं नहीं, बाई, असं नका म्हणू." मग बाळ रडलं आणि सगळ्या बायका एकदम बोलू लागल्या.

तासाभरानं आई बाहेर आली. डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा. गोधडी आतच राहिली होती. तिच्या मागं चाचा उंबऱ्यापर्यंत आले. त्यांनी मला पाहिलं. ये म्हणाले नाहीत, जा म्हणाले नाहीत. आई गाडीवर नीट बसेपर्यंत तिथंच उभे राहिले.

मग म्हणाले, "पुढं रस्ता खोदलाय. बाईंना सावकाश ने."

मी पहिल्या गिअरमध्येच गल्लीच्या टोकापर्यंत गेलो.