शेवटचं शिकवायचं राहिलं

माझ्या घरात माझ्याआधी कोणी शाळेत गेलं नव्हतं. आता कॉलेजात आल्यावर सोबतचे विचारतात, घरी तुला कोणी शिकवलं? मी म्हणतो, आईनं. ते हसतात, कारण तिला अक्षर येत नाही. तिनं मला काय शिकवलं ते मला नीट सांगता येईल की नाही, ठाऊक नाही. ते सांगायचं तर माझ्या बहिणीबद्दल लिहावं लागतं.

आमचं गाव भातकुलीजवळ. मी अमरावतीला शाळेसाठी एका ओळखीच्यांकडे राहायला जाणार, आणि बहिणीचं लग्न झालेलं, न्हाण आलं की तिची पाठवणी. असे आम्ही दोघंही घर सोडणारे. त्या वर्षी आई आम्हाला चुलीपुढं बसवून तयार करत होती. मला म्हणायची, "लाजू नको गा. भूक लागली तं मांगून घे. दुखलं-खुपलं तं सांग. समजलं नाही तं मास्तरले पुन्हा इचार."

मग बहिणीकडे वळायची. "भूक लागली तरी मांगू नको. सारे जेवले का मंग बस. अंग दुखते म्हणून चारचौघीत बोलू नको, माहेरचं नाव जाते."

बहीण भाकर थापता थापता म्हणायची, "वा व माय! दादाले बोलाले शिकवते अन् मले मुकं राह्याले."

"तुलेही शिकवीन. ते शेवटी असते."

हे शेवटचं काय, ते आईनं मला नंतर सांगितलं. तिच्या आईनंही तिला तसंच शिकवलं होतं. आधी हात तयार करायचे, मग तोंड बंद ठेवायला शिकवायचं, आणि पाठवणीच्या थोडं आधी, मुलगी शहाणी झाल्यावर, बोलायचं कोणाजवळ ते सांगायचं. सासरच्या गावात आपल्या गावची दिलेली एखादी बाई असतेच. विहिरीवर तिला गाठायचं. पुरुषांना सांगायचं नाही, सासूला एकदम सांगायचं नाही. तिला सांगायचं, ती वाट काढते. "आधीच सांगितलं तं पोरगी बोलभांड होते," आई म्हणाली. गावातल्या सगळ्याच बाया असंच शिकवत. पोरीला आणखी दीड-दोन वर्षं आहेत, असा तिचा हिशेब होता.

तेव्हा कुठं तरी दूर देशात लढाई लागली होती आणि तिथला कापूस येईना म्हणून आमच्या कापसामागं लोक वेड्यासारखे धावत होते. ज्यांनी कधी ज्वारी सोडली नाही त्यांनीही वावरभर कपाशी लावली. सगळ्यांची बोंडं एकदमच फुटली आणि वेचायला बाया मिळेनात. दसरा झाला आणि बहिणीचे सासरे अकोल्याकडून बैलांची दमणी घेऊन आले.

"इवाईबुवा, कापूस झाडावर लोंबून राहिला. पोरीले न्याले आलो."

वडील म्हणाले, "न्हाण याच्या आधी कशी पाठवू?"

"सून म्हणून कोण नेते? पाहुणी म्हणून नेतो. वेचणी झाली का आणून सोडतो. आमच्या घरी का दगड फोडाले चालली ती?"

दाराआडून आई म्हणाली, "माहं शिकवणं झालं नाही अजून."

सासरे मोठ्यानं हसले. माणूस वाईट नव्हता. "भाकर थापता येते ना, ईनबाई? वेचता येते? मंग राहिलं काय?"

राहिलं होतं ते आई त्यांच्यासमोर कसं सांगणार? तुमच्या घरात त्रास झाला तर कोणापाशी बोलायचं ते शिकवायचं राहिलं, असं व्याह्याला कोणती आई सांगेल? सकाळी शेजारच्या बाया ओटी भरायला जमल्या. त्या गर्दीत दोघींना एकटं बसता आलं नाही. आईनं मनाची समजूत घातली, वेचणीपुरतीच जाते आहे, आली की सांगीन.

मीही त्याच सुमारास अमरावतीला गेलो. तिथं मला भूक लागली की मी मागत होतो. ताप आला तेव्हा सांगितलं, तर त्या घरच्या काकूंनी काढा दिला.

बहीण परत आली नाही. थंडीत तिला ताप भरला आणि ती अंगात ताप घेऊन वेचत राहिली. कोणाला कळलंच नाही. एक दिवस कपाशीच्या ओळीतच आडवी झाली. कमरेच्या ओटीत कापूस तसाच होता. घरी उचलून नेली, पण मग काही उपयोग झाला नाही.

तिची सासू स्वतः आमच्याकडे आली. आईच्या गळ्यात पडून रडली. खरं रडत होती ती. म्हणाली, "कशी गुणाची पोर व ईनबाई! दुखते म्हणून एक अक्षर बोलली नाही. असं वळण कोणी लावत नाही. आमच्या गावात सारे तुमचं नाव घेतात."

मी आईजवळ बसलो होतो. तिचा हात हातात घ्यावा असं वाटलं, पण तो तिनं पदराखाली घट्ट धरला होता. पुढं तिनं एवढंच विचारलं, "आमच्या गावची बाई आहे का तिथं कोणी?"

"आहे ना. घराच्या मांगंच राह्यते. काहून?"

"काही नाही," आई म्हणाली.

ती स्तुती आमच्या गावातही पोचली. उन्हाळ्यात मी घरी होतो तेव्हा एक शेजारीण आपल्या पोरीला घेऊन आली. पोरीचं नुकतंच लग्न झालं होतं आणि ती भारी बडबडी होती. शेजारीण म्हणाली, "इले तुमच्या हाताखाली ठेवतो, बाई. तोंडाले खीळ नाही इच्या. तुमच्या पोरीसारखी करून द्या."

आई चुलीपुढून उठली. बाईकडे तिनं पाहिलंच नाही. पोरीला जवळ ओढून बसवलं आणि विहिरीवर कोणाला गाठायचं, काय बोलायचं, ते पहिल्यापासून सांगायला लागली. शेजारीण म्हणाली, "अव, आतापासून हे काहून सांगता?" आई थांबली नाही. मग त्या बाईनं पोरीचं मनगट धरलं आणि तिला घेऊन घरी गेली. त्यानंतर आमच्याकडे कोणी आपली पोर शिकायला पाठवली नाही.