दंडावरची उन्हाची रेघ

सकाळचं ऊन पडद्यातून सुनंदाताईंच्या उघड्या दंडावर उतरलं आणि ब्लाऊजच्या बाहीनं वर्षानुवर्षं आखलेली रेघ उजळली. रेघेच्या वरची कातडी फिकट, खालची उन्हानं रापलेली. ताई पन्नाशीच्या, शाळेत खेळ शिकवणाऱ्या. स्वतःच्याच पलंगावर, अंगाभोवती फक्त पांढरी चादर घेऊन, स्वतःसाठी माझ्याकडून फोटो काढून घेत होत्या.

मी मात्र जन्मभर लग्नं टिपलेला माणूस. सवयीनं आधी ती रेघ सावलीत ढकलली आणि वर फर्मावलं, "मान खाली, नजर वर. हं, आता जरा लाजा!"

"लाजण्याचा अख्खा अल्बम आहे की कपाटात," ताई म्हणाल्या. "त्यात दागिने दिसतात, मी कुठंय? आज न लाजता काढायचा."

संपली हो माझी कला! न लाजणाऱ्या बाईला बसवायचं कसं, हे मला ठाऊकच नव्हतं. किती नवरीमुलींना मी माना खाली घालायला लावल्या आणि त्यालाच सौंदर्य म्हणत आलो. माझा मोठा दिवा बंद केला आणि बाजूला झालो. ताई खिडकीकडे वळल्या, खांदे मागे घेतले, तो दोन रंगांचा दंड पुढे केला आणि सरळ भिंगात पाहिलं. असा रुबाब माझ्या कॅमेऱ्यानं कधी पाहिला नव्हता.

मी कॅमेऱ्यातला फोटो ताईंपुढे धरला. ताईंनी तो बराच वेळ पाहिला.

"मोठा करून द्या. रोज उठल्यावर ही बाई समोर दिसायला हवी मला."